विंचवाचे बिऱ्हाड

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना एक गोष्ट आता पाठ झाली असेल, की मला वाहनांतले काही कळत नाही. माझ्याजवळ एक जुनी स्कूटर आहे, आणि ती सुरू झाली नाही तर तिला एका अंगावर तिरकी करून पुन्हा किक मारायची, एवढेच यंत्रशास्त्र मला अवगत आहे. असा हा गृहस्थ २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत न्यूझीलंडला जातो काय, आणि तीन आठवडे लोकांच्या मोटारींखाली वाकून गंज शोधत हिंडतो काय! माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले तर ते हजेरी न देताच वर्गाबाहेर जातील. पण घडले ते असे.

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन या गावी आमची बेबी असते. बेबीचे वय अडतीस आहे. पण शेंडेफळाचे नाव एकदा पडले की पडले. हॅमिल्टन हे वायकाटो नदीच्या काठचे शहर, ऑकलंडपासून सव्वाशे किलोमीटरांवर. सभोवार हिरवी कुरणे आणि त्यांत सावकारासारख्या संथ चरणाऱ्या गाई. बेबी तिथे एका प्रयोगशाळेत काम करते. आमचे मेव्हणे इंजिनिअर आहेत. दुधाच्या कारखान्यांतली यंत्रे बसवतात. २०१८ साली दोघे गेली ती 'दोन वर्षांत परत येतो' असे सांगून.

दोन वर्षे झाली ती २०२० साली, आणि त्या वर्षाबद्दल वाचकांना मी काय सांगावे? मार्चमध्ये त्या देशाने आपली दारे लावून घेतली. कामाच्या परवान्यावर राहणारा माणूस बाहेर पडला तर त्याला पुन्हा आत येता येत नव्हते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, ११ पासून २८ तारखेपर्यंत, तर भारतातून येणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या नागरिकांनासुद्धा मज्जाव होता. आमचे बाबा त्याच एप्रिलमध्ये गेले. बेबीने त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिले. पडदा मी धरला होता आणि माझा हात स्थिर नव्हता, एवढेच मला आठवते. पुढे सप्टेंबरअखेरीस तिथल्या सरकारने अशा अडकलेल्या लोकांना एकदाच म्हणून रहिवासाची सवलत जाहीर केली. ती या दोघांना मिळाली, आणि 'दोन वर्षां'चा विषय आमच्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

बाबांनी आम्हा दोघांच्या नावे सहा-सहा लाखांच्या ठेवी ठेवल्या होत्या. माझ्या ठेवीचे मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये कधीच विसर्जन झाले. बेबीची तशीच होती. तिने तिला हात लावला नव्हता. मी निघालो तेव्हा आईने मला फराळाचे डबे दिले आणि एक निरोप दिला. "तिला म्हणावं, बाबांच्या पैशात भर घालून घर घे. भाड्याच्या जागेत माणूस रुजत नाही."

आणि पहिल्याच रात्री जेवताना बेबी म्हणाली, "दादा, बाबांच्या पैशातून आम्ही कॅम्परव्हॅन घेणार आहोत. जुनी. तू आलास ते बरं झालं, उद्यापासून बघायला जाऊ."

कॅम्परव्हॅन या सामासिक शब्दाचा विग्रह मला करता येत नाही, पण वस्तूचे वर्णन करता येईल. आपल्याकडच्या जुन्या मॅटाडोरएवढी गाडी घ्यावी. मागची बाके काढून तिथे पलंग करावा, तो दिवसा मोडून बसायची जागा व्हावी. एका अंगाला शेगडी, तिच्याजवळ हात धुवायचे भांडे, खाली पाण्याची टाकी, डोक्यावर कपाट. थोडक्यात, गिरगावातली दहा बाय बाराची खोली आणखी आखडून घेऊन तिला चाके लावावी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. आमची सख्खी बहीण पैसे मोजून विंचू व्हायला निघेल, हे ध्यानीमनी नव्हते.

मी अर्थातच वडीलपणाचे भाषण केले. ते मेव्हण्यांनी आदराने ऐकले. मग म्हणाले, "दादा, इथं साध्या घराला सात-आठ लाख डॉलर पडतात. बाबांचे सहा लाख रुपये म्हणजे बारा हजार डॉलर. दर्यामें खसखस."

"पण चाकांवरच्या घराची किंमत दरवर्षी उतरणार," मी म्हणालो. हे वाक्य माझे नव्हते. विमानतळावर आमच्या सौभाग्यवतींनी घोकून घेतले होते.

"उतरू दे," बेबी म्हणाली. "जानेवारीत आई येणार. पंच्याहत्तरीची बाई, गुडघे गेलेले. तिला काय हॅमिल्टनच्या खिडकीतून गाई दाखवू? बाबांनी आपल्याला पासावर फिरवलं, आठवतं ना? मी तिला फिरवणार."

आठवते तर काय! आमचे बाबा साताऱ्याला जिल्हा परिषदेत कारकून. त्यांच्या दारात कधी सायकलपलीकडे वाहन आले नाही. पण नव्वदच्या दशकात दर मे महिन्यात ते एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढीत, आणि पास संपेपर्यंत आम्ही चौघे लाल गाडीतून महाराष्ट्र पालथा घालीत असू. पंढरपूर, तुळजापूर, औंढ्या नागनाथ, माहूर, शेगाव. मुक्काम धर्मशाळेत, जेवण बरोबरच्या दशम्यांचे. बाबांनी स्वतःसाठी केलेली ती एकच चैन. बेबीने तो मुद्दा काढल्यावर माझे भाषण तिथेच संपले. मनातून मात्र मी आईच्या निरोपाच्या बाजूचाच होतो.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या बघणे सुरू झाले. त्या देशात जपानमधून जुन्या गाड्या बोटीने येतात. रस्त्याची डावी बाजू दोन्हीकडे एकच असल्यामुळे त्या चालतात. पुष्कळशा कॅम्परव्हॅन अशा टोयोटा हायेसच्याच केलेल्या. त्यांच्या रेडिओचा पट्टा जपानी असतो, तो ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर थांबतो, म्हणून तिथली निम्मीअधिक केंद्रे त्यावर लागतच नाहीत. बाजाराला हंगाम असतो. एप्रिल-मेमध्ये, त्यांचा हिवाळा तोंडावर आला, की परदेशी तरुण प्रवासी गाड्या मिळेल त्या भावाने विकून विमानात बसतात; ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उन्हाळ्याचे वेध लागले की त्याच गाड्या चढत्या भावाने निघतात. दसऱ्याच्या सकाळी झेंडू घ्यायला जावे, तसे आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. थांबायला वेळ नव्हता. आईचे तिकीट काढून झाले होते.

माझे आजोबा खरसुंडीच्या यात्रेतून खिल्लारी बैल आणीत. त्यांच्याबरोबर लहानपणी एकदा मी गेलो होतो. बैलाचे दात बघायचे: दोनदाती, चारदाती, जुळलेला. अंगावरचे भोवरे बघायचे. चार पावले चालवून खोड बघायची, आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव करायचा. मोटारीचेही तसेच आहे, हे मला मेव्हण्यांनी दाखवले. पायाखालचा गालिचा उचलून पत्रा बघायचा. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवायचे. ते चिकटले नाही तर तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. आतल्या लाकडी भिंतीला कोपऱ्यांत अंगठा दाबून बघायचा. मऊ लागले तर छपरातून पाणी झिरपते. इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याची पावती मागायची. सगळे पुरुषी उद्योग. बेबी मात्र गाडी समोर आली की बॉनेटकडे ढुंकूनही न बघता मागच्या दाराने आत शिरे आणि पहिला प्रश्न विचारी, "टॉयलेट कुठे आहे?"

आता या विषयाकडे यायलाच हवे. मी टाळणार होतो. दिवाळी अंक घराघरांतून फराळ करता करता वाचला जातो, याची मला जाणीव आहे.

त्या देशात २०२३ साली एक कायदा झाला. मोकळ्या जागी, समुद्राच्या वा सरोवराच्या काठी, पुष्कळ ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो; पण गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला हवा. माणशी दर दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचे पाणी, तितकेच सांडपाणी साठवायची सोय, झाकणाचा कचऱ्याचा डबा, आणि शौचकूप. पूर्वी हे शौचकूप सुटे असले तरी चाले. डब्यासारखे बाकाखाली सारून ठेवीत. अशा गाड्यांना निळा बिल्ला असे. नव्या कायद्याने ते गाडीत पक्के बसवलेले पाहिजे, आणि पलंग घातलेला असतानाही वापरता आले पाहिजे. अशा गाडीला हिरवा दाखला. शिवाय त्यावर किती माणसांसाठी तेही लिहिलेले असते. पुष्कळ गाड्या दोघांच्या. आम्हाला हवी होती तिघांची.

पहिली गाडी दोन जर्मन मुलांची होती. मुलगा आणि मुलगी, विशीतली, चार दिवसांनी विमान. गाडीवर बाहेरून पक्षी रंगवलेले आणि आत दमट उबट वास. किंमत नऊ हजार. मेव्हण्यांचा अंगठा भिंतीत पेरापर्यंत गेला. बेबीने बाकाखालचा निळ्या जमान्यातला डबा ओढून पाहिला आणि ती गाडीतून उतरली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो वेगळ्या कारणाने. शेगडीपासून दोन हातांवर संडास! मराठी भाषेचा अध्यापक म्हणून सांगतो, या क्रियेला आपल्याकडे जेवढे जुने शब्द आहेत ते सगळे तिला घराबाहेर घालवणारे आहेत. परसाकडे जाणे, बहिर्दिशेस जाणे, रानात जाणे. जिथे कढी उकळते तिथेच पडद्याआड ती दिशा आणून बसवायची, ही कल्पना माझ्या घशाखाली उतरेना.

दुसरी गाडी एका दुकानातली. नवऱ्या मुलासारखी सजलेली. दुकानदाराला तिथे काचेवर गाडीची सारी कुंडली लावावी लागते, आणि दुकानातून घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचे संरक्षण असते. खाजगी विक्रीला ते नसते. त्या संरक्षणाची किंमतही काचेवर लिहिली होती: अडुसष्ट हजार. आम्ही तिथला फुकटचा कॉफीचा पेला पिऊन बाहेर आलो.

त्या रात्री मी आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. आई नुकतीच पानावरून उठली होती. आई चातुर्मास पाळते, कांदा-लसूण वर्ज्य. परसातला संडास घरात आला तेव्हा तिने वर्षभर त्या भिंतीला लागून देवघर ठेवू दिले नव्हते. तेव्हा आपला मोहरा हाच, असे ठरवून मी सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली, आणि बेबीलाही ऐकू जावे म्हणून फोन मोठ्याने लावला. "आणि ते शेगडीपासून दोन हातांवर, आई. पलंगाच्या उशाशी."

"गाडीतच?" आई म्हणाली.

"गाडीतच. कायदाच आहे."

"रात्री खाली उतरावं लागत नाही?"

"नाही. पण अगं, सोवळं-ओवळं—"

"सोवळं घरी." आई थोडा वेळ थांबली. "तुला आठवतं, स्टँडावर गाडी थांबली की बाबा तुम्हाला उसाचा रस पाजायचे?"

"हो. तू घ्यायची नाहीस. तुला ऊस बाधायचा."

"ऊस कुणाला बाधतो रे? गाडी दहा मिनिटं थांबायची. तुम्ही पुरुषमाणसं भिंतीमागं जाऊन यायचात. आम्ही कुठं जाणार? त्या स्टँडावरच्या मोऱ्यांत पाय ठेववत नव्हता. सकाळी निघताना एक घोट घ्यायचा, की रात्री धर्मशाळेत पोचल्यावर तांब्याभर. सातारा ते शेगाव, सगळा मुलूख मी कोरड्या घशानं पाहिलाय. तुझ्या बाबांना वाटायचं, हिला प्रवास मानवत नाही, डोकं दुखतं. पाणी नसल्यावर दुखेल नाही तर काय? पण त्यांची एवढी हौस. सांगायचं कसं?"

मी काहीच बोललो नाही. बेबी भांडी घासत होती, तिने मागे न वळता सांगितले, "मला बाराव्या वर्षी शिकवलं आईनं. ओठ ओले करायचे, गिळायचं नाही."

आमच्या विद्यापीठात एम.ए.ला 'प्रवासवर्णन' हा अभ्यासघटक मी कितीतरी वर्षे शिकवतो आहे. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून सुरुवात करतो. प्रवासाची प्रेरणा, निसर्गदर्शन, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, सगळे टिपून देतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. नव्वदच्या दशकातल्या सगळ्या स्टँडांवरचे सगळे रसाचे पेले एकेक करून आठवू लागले. उरलेला चौथा पेला बहुधा मीच पीत असे.

पुढच्या शनिवारी तौरंगाला गेलो. कायमाईचे डोंगर ओलांडून शंभरएक किलोमीटर. गाडी डिझेलची, दिसायला देखणी. मालक गोड बोलणारा. या खेपेला गाडी समोर येताच मी बॉनेट सोडून मागच्या दाराने आत गेलो, तेव्हा मेव्हण्यांनी माझ्याकडे चमकून पाहिले. शौचकूप पक्के बसवलेले, स्वच्छ. हिरवा दाखला, तोही तिघांचा! किंमत सव्वीस हजार, बाजारापेक्षा चांगली पाच-सहा हजारांनी कमी. मालक म्हणाला, दुपारी आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे, दोन हजार इसार आजच पाठवलात तर तुमची. बेबीने फोन हातात घेतला.

सहज माझी नजर काचेवरच्या एका चिठ्ठीवर गेली. तिथे डिझेलच्या गाडीला रस्ता वापरल्याचा कर आगाऊ भरावा लागतो, हजार-हजार किलोमीटरांच्या हिशोबाने. कुठल्या आकड्यापर्यंत भरला ते त्या चिठ्ठीवर असते. चिठ्ठीवर २,४८,००० होते. गाडीच्या मीटरवर २,६१,००० च्या घरातला आकडा होता. मला यंत्रातले कळत नाही. पण वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे आतले गुण आणि मुखपृष्ठावरची बेरीज जुळत नसली की डोळा आपोआप तिथे अडकतो. मी मेव्हण्यांना खुणावले. तेरा हजार किलोमीटरांचा कर थकलेला. तेव्हाच्या दराने हजारी ७६ डॉलर म्हणजे ९८८ डॉलर, आणि गाडीबरोबर ते देणे घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.

मालक हसून म्हणाला, विसरलो. पण एक विसरणारा आणखी काय विसरला असेल, अशी पाल मेव्हण्यांच्या मनात चुकचुकली. गहाण ठेवलेल्या जंगम मालाची तिथे एक सरकारी नोंदवही आहे. थोडी फी भरून गाडीचा नंबर घातला की तिच्यावर कर्ज आहे का ते कळते. तिथेच रस्त्यावर उभे राहून त्यांनी ती पाहिली. गाडीवर एका वित्तसंस्थेचा बोजा होता. म्हणजे आम्ही पैसे द्यायचे, आणि मालकाने हप्ते चुकवले की संस्थेने गाडी आमच्या दारातून ओढून न्यायची. बेबीने फोन पर्समध्ये टाकला. परतताना डोंगर चढून उतरेपर्यंत कोणी बोलले नाही. बाबांच्या बारा हजारांतले दोन त्या दिवशी अगदी उंबऱ्यावरून मागे फिरले होते.

मी परत निघायच्या चार दिवस आधी ते आरोहाला एक गाडी असल्याचे कळले. हॅमिल्टनहून पन्नासएक किलोमीटर. माओरी भाषेत आरोहा म्हणजे प्रेम. आपल्याकडे आरोह म्हणजे चढण. गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे, त्यामुळे मला दोन्ही अर्थ पटले. गाडी एका वृद्ध जोडप्याची. म्हातारे पूर्वी शाळामास्तर होते, हे त्यांनी सांगायच्या आधी मी ओळखले, कारण त्यांनी वहीच पुढे केली. गाडी २००४ ची हायेस, पेट्रोलची. कोणत्या दिवशी तेल बदलले, कोठे किती किलोमीटर, सारे सुवाच्य अक्षरात. मग त्यांनी आम्हाला गाडीभोवती फिरवून स्वतःच खोडी दाखवल्या. ही डाव्या दाराखालची पट्टी २०१९ साली गंजली म्हणून कापून नवी बसवली. हे सरकते दार ओल्या हवेत अडकते. छपराचा झरोका एकदा गळला होता, हा डाग त्याचा. माझे आजोबा म्हणत, खोड आधी सांगणाऱ्या माणसाशी रुमाल टाकून भाव करू नये. मी गप्प उभा राहिलो. किंमत साडेएकोणतीस हजार होती.

दाखला हिरवा, पण दोघांचा. पाण्याची टाकी मात्र पंचेचाळीस लिटरची. तिघांना तीन दिवसांचे छत्तीस पुरे. पट्ट्याची तिसरी बैठक होती, पुढच्या बैठकांवर आडवी टाकायची फळीही होती. दाखला तिघांचा करून घेता आला असता.

"दादा," बेबी म्हणाली, "तू आई हो."

"म्हणजे?"

"गुडघे वाकत नाहीत. रात्र आहे. दिवा लावला तर यांची झोपमोड होईल. पलंगावरून ऊठ आणि टॉयलेटला जा."

वाचकहो, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, परदेशात, एका परक्या जोडप्यासमोर, मी पलंगावर पाय लांब करून आडवा झालो. डोळे मिटले. कण्हत उठलो. आईसारखा उजवा हात गुडघ्यावर दाबून डावा हात आधारासाठी पुढे केला, आणि तो नेमका एका लाकडी दांडीवर पडला. दांडी पलंगापासून शौचकुपाच्या दारापर्यंत भिंतीला लावलेली होती, कमरेच्या उंचीवर. तिला धरून पाच पावलांत मी पोचलो. दार बाहेर उघडत होते; आत बसल्यावर समोर आणखी एक दांडी.

मी बाहेर आलो तेव्हा मेव्हणे तोंड फिरवून हसत होते. म्हातारे गोंधळले होते. म्हातारीबाई मात्र हसल्या नाहीत. काठी टेकीत पुढे आल्या आणि बेबीला म्हणाल्या, "तुझी आई? किती वर्षांची?" मग दांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी याच्याकडून लावून घेतली. त्याला आधी पटत नव्हतं." म्हाताऱ्यांनी खांदे उडवले. अशा वेळी कोणत्याही देशातला नवरा सारखाच दिसतो.

सोमवारी एका तिऱ्हाईत मेकॅनिककडून गाडी तपासून घेतली. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या आणि एक बॉल जॉइंट बदलावा लागेल म्हणाला. तेवढ्याचे सातशे डॉलर म्हाताऱ्यांनी आपणहून कमी केले. अठ्ठावीस हजार आठशेला सौदा झाला. बाबांचे बारा हजार गेले, बाकीचे त्या दोघांच्या बचतीतले. गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा आतून एक बाई जपानीत काहीतरी ठासून बोलली. आम्ही दचकलो. म्हातारे म्हणाले, ही पंधरा वर्षे रोज हेच सांगते आहे, अर्थ ठाऊक नाही. मेव्हण्यांनी शोधून काढले: टोलचे कार्ड यंत्रात घातलेले नाही, अशी तक्रार आहे. जपानातल्या टोलनाक्याचे कार्ड हॅमिल्टनमध्ये कुठून आणायचे? बेबी तिला म्हणाली, "हो गं बाई, घालते."

आईचा निरोप मी पोचवला होता. घर घ्यायचे राहिले ते राहिलेच. परत आल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, चाकांवरच्या घराची किंमत उतरते हे सांगितलेत का? मी म्हटले, सांगितले. ते खरे होते.

जानेवारीत आई गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत एका दुपारी अडीच वाजता, कॉलेजात पर्यवेक्षणावर असताना, तिचा फोन आला. तिकडे रात्रीचे दहा. गाडी उत्तरेला कुठेतरी समुद्राकाठी लागली होती. तिला गावाचे नाव सांगता येईना. आदल्या दिवशी कावाकावा नावाच्या गावी गेले होते म्हणाली. तिथे हुन्डर्टवासर नावाच्या चित्रकाराने बांधलेले, १९९९ साली उघडलेले सार्वजनिक शौचालय आहे, आणि ते बघायला जगभरातून माणसे येतात. "रंगीत फरश्या, भिंतीत बाटल्या बसवल्यात, उजेड येतो त्यातून. छपरावर गवत. आणि मध्ये चक्क झाड ठेवलंय, तोडलं नाही. मी आत जाऊन आले. बाहेर लोक फोटो काढत होते, मला वाटलं देऊळच आहे."

"आणि गाडी? झेपतं का गं?"

"झेपतं. पायरी तेवढी उंच आहे, हा पाट ठेवतो. ती जपानीण रोज सकाळी बोलते, मी तिला सांगते, निघालो बाई. आता भात-आमटी झाली, दोन भांडी पाणी प्यायले, आणि पडते. तू गॅसचा नंबर लावलास का? नाही ना? मला वाटलंच."